धीर मागूनही का मिळत नाही? एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी नागपुरात नोकरी करते. मुलगा सातवीत आहे. सासूबाईंना विसर पडायला लागलाय, एकच प्रश्न दहादा विचारतात. सकाळी डबे, मग वर्धा रोडची गर्दी, दिवसभर ऑफिस. संध्याकाळी घरात पाय ठेवते तर कूलर कोरडा. परवा त्यावरून मुलावर इतकी ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या. रोज प्रार्थनेत धीर मागते आणि रोज हरते. आता चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे करायचीही लाज वाटते. विश्वासात राहूनही मी अशी का? काय करू?"

ताई, जय ख्रिस्त.

नागपुरात सत्तावीस वर्षं मी पाळकाचं काम केलं, आणि त्यातला बराच वेळ घराघरांत बसून लोकांचं ऐकण्यात गेला. कर्ज, व्यसन, मृत्यू यांबद्दल लोक बोलतातच. पण दार लोटून, आवाज खाली करून जे सांगतात ते बहुतेक वेळा तुमच्यासारखंच असतं: मी घरच्यांवर ओरडते, मी ओरडतो. मोठं संकट आलं की मंडळी धावून येते, प्रार्थनेला बसते, चार घरांतून डबे येतात. कोरड्या कूलरसाठी कोणी येत नाही. म्हणून तुमचा प्रश्न लहान आहे असं मी मुळीच मानत नाही.

'रोज धीर मागते आणि रोज हरते' हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. आपण धीर मागतो तो टँकर मागावा तसा. पाणी संपलं, फोन केला, टँकर आला, टाकी भरली, दोन दिवस निवांत. वचनात, म्हणजे बायबलमध्ये, मला धीर असा टाकीच्या हिशेबाने मिळालेला कुठे दिसत नाही. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल नऊ गुण सांगतो, त्यात सहनशीलता चौथी, आणि या सगळ्याला तो 'फळ' म्हणतो. फळ म्हटलं की नागपूरच्या माणसाला वेगळं काही समजावायला नको.

माझ्या मामांची काटोलजवळ संत्र्याची बाग होती. कलम लावल्यावर पहिला बहार धरायलाच चार-पाच वर्षं जायची. पुढे दरवर्षी आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचे. याला बागायतदार 'ताण देणं' म्हणतात. पानं मलूल व्हायची, कडेने पिवळी पडायची, थोडी गळायचीही. मामा रोज सकाळी बागेत जाऊन एखादं पान दोन बोटांत धरून बघायचे, बोटांनी जरा दाबायचे, मग पुढच्या झाडाकडे. हलक्या जमिनीतल्या झाडांना थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीतल्यांना जास्त. नेमक्या दिवशी ते ताण तोडायचे, म्हणजे पाणी सोडायचे, आणि बाग फुलायची. तरी फळ हाती यायला दिवाळीच्या आसपासचे दिवस उजाडायचे. एका वर्षी शेजारच्या बागेत ताण फार लांबला, आणि अख्ख्या दोन ओळी वाळून गेल्या. तेव्हा मी बारा वर्षांचा असेन, पण त्या काळपटलेल्या फांद्या मला आजही दिसतात.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा पानच दिसलं. तुम्हाला ताण पुरेसा मिळालाय ताई. प्रश्न हा आहे की तुमच्या घरात रोज सकाळी तुमचं पान कोण बघतं? यावर पुढे येतो.

आधी धीर म्हणजे काय ते नीट बघू. आपल्याला वाटतं धीर म्हणजे राग न येणं. जुन्या करारातल्या निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात देव इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याला, मोशेला, स्वतःची ओळख करून देतो, आणि त्यात 'मंदक्रोध' हा शब्द आहे. मराठी बायबलमधला मला सगळ्यात आवडणारा शब्द. मूळ हिब्रूत तिथे शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द. आपणही म्हणतोच की, अमक्याचा राग अगदी नाकाच्या शेंड्यावर असतो. तर देवाचं नाक लांब, म्हणजे राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. राग आहे, पण वाट लांब आहे. नव्या करारात सहनशीलतेसाठी जो ग्रीक शब्द आहे, मॅक्रोथुमिया, त्यातही आधी 'लांब' आणि मग 'राग'. तुम्हाला राग येतो म्हणून तुम्ही हरलात असं समजू नका. तुमची वाट आखूड झाली आहे, आणि ती लांबवता येते.

देवाने हे नाव कधी सांगितलं तेही बघा. लोकांनी सोन्याचं वासरू घडवून त्याची पूजा केल्याचं प्रकरण नुकतंच घडून गेलं होतं. ते वासरू का घडलं? मोशेला डोंगरावरून उतरायला उशीर झाला म्हणून. चाळीस दिवस लोकांना थांबता आलं नाही. इस्राएलाचं ते मोठं पाप अधीरपणातून निघालं, आणि त्याच अधीर लोकांच्या डोंगरावर देव म्हणतो, मी मंदक्रोध आहे. मला हे उशिरा उमगलं. तोवर मी प्रार्थनेत देवाला सांगायचो, 'माझ्या रागाकडे बघू नको.' आता सांगतो, 'तू बघतोच आहेस, आणि अजून इथेच आहेस.' धीर इथून सुरू होतो. जो आपल्याशी धीराने वागला जातोय हे ओळखतो, त्याचा आवाज हळूहळू खाली येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीत दहा हजार तलांतांचं कर्ज माफ झालेला दास शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तलांताचे सुमारे सहा हजार दीनार. करा हिशेब. दुसरा दास गयावया करून मागतो ते हेच, जरा धीर धरा.

आता अडवणुकीबद्दल. तुमच्या पत्रातले सगळे प्रसंग एका जातीचे आहेत: तुम्ही कुठेतरी निघालेल्या असता आणि कोणीतरी मध्ये येतं. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पायां पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. येशू निघतो. वाटेत रेटारेटी. आणि बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. येशू थांबतो. विचारतो, मला कोणी शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी अंगावर येतेय आणि शिवलं कोण विचारता? तो तरी थांबतोच. ती बाई थरथरत पुढे येते आणि सगळं खरंखरं सांगते. बारा वर्षांचं दुखणं, वैद्य, संपलेला पैसा. सांगायला किती वेळ लागला असेल?

वर्षानुवर्षं मी या भागावर त्या बाईच्या विश्वासाचा उपदेश केला. मग एकदा बाजूला उभा असलेला याईर दिसला. मार्क त्याच्या तोंडी तिथे एक शब्दही घालत नाही. मुलगी जातेय, आणि जो वाचवू शकतो तो एका परक्या बाईचं ऐकत उभा आहे. तिचं बोलणं संपतं न संपतं तोच घरून निरोप येतो, मुलगी गेली. आणि येशू त्या बाईला काय म्हणाला होता? 'मुली.' ज्या बापाला आपल्या मुलीची घाई होती त्याच्या डोळ्यांदेखत त्याने या बाईला मुलगी म्हटलं. माझ्या मते धीराचं सगळं शिक्षण या एका शब्दात आहे. मध्ये आलेला माणूस, त्या क्षणापुरता का होईना, आपल्याच घरचा दिसायला लागतो. पुढे याईराची मुलगीही उठली. पण त्या गर्दीत उभं असताना त्याला ते माहीत नव्हतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या मंडळीत एक वयस्कर गृहस्थ होते. दर रविवारी उपासना संपली की फाटकापाशी मला थांबवायचे आणि गुडघ्यांबद्दल बोलायचे. वीस मिनिटं, तेच गुडघे, तेच तेल, तोच जिना. एका रविवारी मला एका घरी जेवायला पोचायचं होतं. त्यांनी 'पाळकसाहेब, या गुडघ्याचं असं झालंय' एवढं म्हणताच मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "दादा, तुमचे गुडघे पुढच्या रविवारीही इथेच असतील." बाजूच्या दोघांनी ऐकलं. ते हसले. दादा नाही हसले. पुढच्या रविवारी त्यांनी लांबूनच जय ख्रिस्त केला आणि रिक्षात बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही. तीन महिने असं चाललं, आणि मी मनातल्या मनात दर आठवड्याला वीस मिनिटं वाचल्याचं समाधान मानत राहिलो, हे सांगताना आजही जड जातं.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. एकटेच राहत होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही घाईत होता जी, दिसलं मला." मग चहा ठेवला, आणि मला कळलं की बायको गेल्यापासून अख्ख्या आठवड्यात त्यांचं कोणाशी पाच मिनिटांहून जास्त बोलणं होत नाही. गुडघ्याला मी काही करू शकत नव्हतो, आणि तेही त्यासाठी मला थांबवत नव्हते. त्यानंतर पाच वर्षं आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. मला दर वेळी तेवढीच घाई असायची. ती कधी संपली नाही.

तेव्हा सासूबाईंच्या प्रश्नांकडे येऊ. 'आज कोणता वार?' हे त्यांनी सातव्यांदा विचारलं तरी त्यांच्याकडून ते पहिल्यांदाच असतं. आधीचे सहा त्यांच्याजवळ उरलेले नसतात. त्या हट्टाने विचारत नाहीत, घाबरून विचारतात. त्यांच्या खाटेसमोर एक पाटी लावा, रोज सकाळी मुलाकडून वार, तारीख आणि 'आई सहाला येईल' असं मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. प्रश्न आला की पाटीकडे बोट दाखवून, त्यांच्या हातावर हात ठेवून उत्तर द्या. हाताचा स्पर्श उत्तरापेक्षा जास्त वेळ टिकतो असा माझा अनुभव आहे. आणि त्यांना डॉक्टरकडे न्या, 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. विसरण्यामागे कधी बी-१२ ची कमतरता असते, कधी थायरॉइड, कधी नैराश्य, आणि यांवर उपचार आहेत.

रस्त्यासाठी एक लहान सवय सांगतो. सिग्नलला थांबलात की आधी खांदे खाली सोडा. श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'माझ्यावर दया कर'. ही प्रार्थना प्राचीन काळापासून ख्रिस्ती साधक करत आले आहेत, मी नवीन काही सांगत नाही. चार-पाच श्वास झाले की शेजारी जो कोणी हॉर्न वाजवतोय त्याच्यासाठी तीच प्रार्थना, 'त्याच्यावर दया कर'. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत हे कठीण आहे, मी स्वतः दुचाकीवरून फिरलोय. पण घरच्या रागाची वाट रस्त्यावरच लांबवता येते, दारात पोचल्यावर उशीर झालेला असतो. म्हणून घरापाशी गाडी लावल्यावर दोन मिनिटं खालीच थांबा. पाणी प्या, तोंडावर पाणी मारा, आज घरात कोण कोण आहे त्यांची नावं देवासमोर घ्या. मग वर जा.

आणि आठवडाभर एक वही ठेवा. कधी ओरडले, किती वाजता, शेवटचं कधी खाल्लं होतं, आणि त्या क्षणी कसली घाई होती, एवढंच लिहा. ज्यांनी ज्यांनी ही वही ठेवली त्यांना पापांची यादी दिसण्याऐवजी वेळापत्रक दिसलं. राग बहुधा दोनच ठरावीक वेळांना येतो, आणि त्या वेळी पोट रिकामं असतं. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड होत नव्हती तेव्हा येशूने त्यांना आणखी काम दिलं नाही, एकांती चला, थोडा विसावा घ्या असं म्हणाला. वही भरून झोप, पाळी, अंगातला अशक्तपणा यांचा संबंध दिसला तर तुमचंही रक्त तपासून घ्या. मन सतत जड असेल, रडू येत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी होत नाही.

आता ते पान बघणारं माणूस. तुमच्या पत्रात मुलगा आहे, सासूबाई आहेत, शेजारच्या काकूही आहेत. नवरा कुठेच नाही. सहनशीलतेचं वचन आमच्या मंडळ्यांमध्ये बायकांनाच जास्त ऐकवलं जातं. मीही ऐकवलंय, आणि त्याबद्दल मी प्रभूकडे क्षमा मागितली आहे. गलतीकरांतलं ते पत्र पौलाने अख्ख्या मंडळीला लिहिलं. घरातल्या एका माणसाने सगळ्यांच्या वाटचा धीर धरायचा असं त्यात नाही. सासूबाई त्यांच्या आई आहेत. संध्याकाळी सात ते आठ आईजवळ त्यांनी बसावं, डॉक्टरकडे त्यांनीच न्यावं. चिडलेल्या क्षणी हे बोलू नका. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वही समोर ठेवून सांगा. ते ऐकत नसतील तर त्यांना माझ्याकडे घेऊन या, मी बोलेन.

आणि तुम्ही लिहिलं नाही, पण विचारणं माझं कर्तव्य आहे: घरात कोणी हात उगारत असेल, पैसे अडवत असेल, धमकावत असेल, तर त्याला धीर हे उत्तर नाही. तिथे ताण लांबवायचा नाही, तोडायचा. महिलांसाठी १८१ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

देवाशी बोलताना गोड बोलायची गरज नाही. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच दावीद चार वेळा विचारतो, किती वेळ? येशूनेही मार्काच्या नवव्या अध्यायात लोकांकडे बघून विचारलं, मी तुमचं कोठवर सोसू? ज्याला देवासमोर कुरकुरता येतं त्याला पोरासमोर कमी ओरडावं लागतं, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय. पोळ्या लाटताना लाटण्याच्या तालावर 'किती वेळ, प्रभू' म्हणणाऱ्या एक बाई आमच्या मंडळीत आहेत. मला ती पुरी प्रार्थना वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले असता गाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तिथून त्यांची वाट सुरू झाली. टिळक स्वभावाने शीघ्रकोपी होते हे सर्वश्रुत आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००. मधली पाच वर्षं त्या तापट माणसाने कशी काढली असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने कोणाचा स्वभाव एका सकाळी बदलत नाही. तुमचाही बदलला नाही म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

राहिलं प्रभुभोजन. पौल करिंथकरांना लिहितो, प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून घरी बसावं असं तो लिहीत नाही. लाज वाटतेय म्हणजे परीक्षा झाली आहे. आता मत्तयाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे आधी समेट. शनिवारी संध्याकाळी मुलाजवळ बसा. टीव्ही बंद, मोबाइल लांब. त्याच्या डोळ्यांशी डोळे येतील इतकं खाली बसा आणि म्हणा, "परवा मी तुझ्यावर ओरडले. ते चूक होतं. मला माफ कर." इथे थांबा. 'पण तूही पाणी भरलं नव्हतंस' हे वाक्य जिभेवर येईल. ते त्या दिवशी सांगायचं नाही. तो खांदे उडवेल, 'ठीक आहे ना' म्हणेल, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या. कूलरचं पाणी कोणी, किती वाजता भरायचं ते सोमवारी ठरवा, शांतपणे, आणि फ्रिजवर लिहून ठेवा. शाळेतून आल्या आल्या, पाठीवरचं दप्तर उतरवायच्या आधी, ही वेळ मला सगळ्यात बरी वाटते.

आणि रविवारी या. पुढच्या बाकावर नको वाटलं तर मागे बसा, पण भाकर पुढे आली की हात पुढे करा.